सहावी पायरी

ही एकोणीसशे त्र्याहत्तर सालची गोष्ट. लोक बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण ज्यांनी तो अंगावर काढला त्यांना ठाऊक आहे की त्याचा फास खरा आवळला तो त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. चिकलठाणा तेव्हा औरंगाबादच्या बाहेरचं गाव होतं. शहरातून जालना रस्त्यानं निघालं की उघडा माळ लागायचा, आणि त्या माळावर नव्या कारखान्यांच्या भिंती एकेक करून उभ्या राहत होत्या. विहिरी आटत होत्या आणि भिंती वाढत होत्या. दोन्ही एकाच वर्षी, एकाच माळावर.

माळाच्या कडेला आक्काबाईचं घर होतं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. थोरला भिकन, त्याची बायको सत्यभामा, तिच्या अंगावर पिणारा आदिनाथ आणि आक्काबाईची धाकटी लेक शालू, एवढी माणसं. शालू शहरातल्या शाळेत मॅट्रिकला होती. मेंढरांच्या घरातली पोर शाळेत कशी, असं गाव विचारायचं. आक्काबाई म्हणायची, "मोजायला शिकतीया. आमच्यात मोजनाराला मान हाय."

ते खरंच होतं. या घराची मोजायची रीत मोठी विलक्षण होती. जित्या जनावराचा आकडा कुणी तोंडानं काढत नसे. आकडा बोलला की दृष्ट लागते. मग कळप पुरा आहे की नाही हे कसं कळायचं? सकाळी वाघुरीचं, म्हणजे सुतळीच्या जाळीच्या कुंपणाचं तोंड उघडायचं आणि मेंढरं दोनदोननं बाहेर सोडायची. दुसऱ्या सकाळी तीनतीननं. मग पाचपाचनं, सातसातनं. शेवटी किती उरली तेवढंच बोलायचं. "दोनानं एक, तिनानं एक, पाचानं एक." दर खेपेला एकच उरलं, तर ते उरलेलं बिरोबाचं. देव जागेवर आहे. असा कळप कुणाला सारखा वाटून घेता येत नाही, म्हणून तो फुटत नाही. भावाभावांत फुटत नाही आणि रानातही फुटत नाही.

देवाला जागा राहील असे आकडे वाडवडिलांनी पायऱ्या करून ठेवले होते. आक्काबाई दळताना ते म्हणायची, आणि शालूला पाढ्यांच्या आधी तेच पाठ झाले होते:

"दोनावर देवाचं एक, पयली पायरी तीन.
दोन त्रिक सहा, देवाचं एक, दुसरी पायरी सात.
सहा पाचे तीस, देवाचं एक, तिसरी एकतीस.
तीस साते दोनशे दहा, देवाचं एक, चवथी.
त्याला अकरानं गुना, देवाचं एक, पाचवी."

पाचवी पायरी म्हणजे दोन हजार तीनशे अकरा. एवढी मेंढरं एका घराची नसतात. आक्काबाईच्या सासऱ्याच्या लहानपणी सगळ्या भाऊबंदांचे कळप एकत्र आले, तेव्हा एकदा ती पायरी लागली होती म्हणे. सहावी पायरी तेरानं गुणून येते. तीस हजार तीस, वर देवाचं एक. ती कुणी चढलेलं नव्हतं. आणि तेराच्या पुढं या घरात कुणी कधी मोजलंच नव्हतं.

आणखी एक नेम होता. कळप ज्या पायरीवर घर सोडतो, त्या किंवा दुसऱ्या एखाद्या पायरीवरच त्यानं परत यायचं. मधल्या आकड्यावर उंबरा ओलांडला तर घर फुटतं. आणि पायरी गाठायला माणसानं आपल्या हातानं मेंढरू विकायचं, कापायचं किंवा सोडून द्यायचं नाही. वाढवणं-घटवणं देवाचं काम.

बहात्तरचा पोळा झाला तरी माळावर गवताची काडी नव्हती. भिकन चवथ्या पायरीवरचा कळप घेऊन पैठणच्या वाटेनं गोदावरीपलीकडं निघाला. जाताना आदिनाथच्या कपाळाला भंडारा लावला आणि सत्यभामेला म्हणाला, "दिवाळीला येतो. न्हाय आलो तर समज, चारा घावला."

दिवाळी गेली. संक्रांत गेली. भिकनचा सांगावा नाही.

आता पोट भरायला दुष्काळी काम तेवढं होतं. गावाच्या खालच्या अंगाला खडी फोडायला सगळ्या बाया जायच्या. मजुरीवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, आणायच्या, कामावर पोरांना सुकडी मिळायची. दिवाळीनंतर एका संध्याकाळी आक्काबाई कामावरून आली ती पदरात खडी घेऊन. घरामागं बाभळीखाली बिरोबाचा शेंदरी दगड होता. त्याच्यापुढं तिनं खडे मांडले, तेरातेराच्या ओळीत.

"माय, हे काय?" शालूनं विचारलं.

"साव्वी पायरी," आक्काबाई म्हणाली. "बिरोबाला बोलले म्या. तीस हजार तीस खडं आन् वर तुपला एक. तेवढे मांडून व्हईस्तोवर अर्धीच भाकर खाईन. पर मपला भिकन फुटू देऊ नगं."

तेव्हापासून रोज. पदरात जेवढी मावेल तेवढी बारकी खडी. मुकादम सर्जेराव पहिल्या दिवशी ओरडला, "ए म्हातारे, सरकारी खडी हाय ती!" तर शेजारी फोडणारी कडूबाई म्हणाली, "मुकादम, सरकारचा डोंगर हाय का पदर? तुमच्या घरी भिंत बांधली ती कंच्या खडीची हाय, सांगू का सगळ्यांला?" सर्जेराव पुन्हा बोलला नाही.

सगळ्या ओळींची बेरीज शालूच्या डोक्यात असायची. खडा जित्राब नव्हे, त्याचा आकडा बोलायला हरकत नव्हती. आक्काबाई ओळ पुरी करून विचारायची, "किती झाले गं?" आणि शालू सांगायची. तो दिवसातला एकच क्षण, ज्यात म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं.

परीक्षा तोंडावर आली होती. गणिताचे नानासाहेब सर वैजापूरकडचे, मोठ्या शेतकरी घरातले. शेती भावावर टाकून शहरात शिकवत होते. एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात शालूनं त्यांना फळ्याच्या तुकड्यावर आकडा लिहून दाखवला. ३००३१.

"ही संख्या कुठून आणलीस?"

"आमच्या घरची हाय, सर."

सर हसले. मग तिनं पायऱ्या सांगितल्या, तसे हसायचे थांबले. खडू घेऊन स्वतःच मांडू लागले. तीन, सात, एकतीस, दोनशे अकरा, दोन हजार तीनशे अकरा. "अगं, या सगळ्या मूळ संख्या आहेत. एकानं आणि स्वतःनंच भाग जातो, दुसऱ्या कशानंही नाही. ज्यांना भाग जातो त्या संयुक्त. मेंढरांच्या वाड्यात हे कुणी शोधलं?"

"ठाव न्हाय. माय म्हनती, फुटत न्हाईत."

"बरोबर म्हणते. पाचही फुटत नाहीत."

"आन् सहावी?"

सरांनी आकड्याकडं पाहिलं. घंटा झाली होती. "तीही मूळच असणार. पण शालू, 'असणार' हा शब्द गणितात चालत नाही. एकशे त्र्याहत्तरपर्यंतच्या एकेका मूळ संख्येनं भागून बघ. तिथपर्यंत नाही फुटली, तर पुढं कधीच फुटायची नाही. तेरापर्यंतचं काम तुझ्या पूर्वजांनी करूनच ठेवलंय. तू सतरापासून सुरू कर."

शालू घरी आली ती जवळजवळ पळतच. तिला वाटलं, मायला सांगू, की तुझ्या देवाला शाळेची साक्ष मिळणार आहे. पण मनात म्हणाली, आधी पुरं करू. अर्धवट साक्ष काय कामाची?

परीक्षा संपल्यावर तीही खडीवर जाऊ लागली. दगडावर हातोडी मारत मारत मनात भागाकार चालायचा. अडलं तर खड्यानं खडकावर रेघोट्या. सतरानं नऊ उरले. एकोणीसनं अकरा. तेवीसनं सोळा. दर वेळी काहीतरी उरलं की तिला बरं वाटायचं, जसं कुणी दाराला एकेक कडी लावतंय. सत्तेचाळीसनं पंचेचाळीस उरले, त्रेपन्ननं तेहतीस. मग एकोणसाठ आलं.

काही उरलं नाही.

तिनं पुन्हा केलं. मग उलटं करून पाहिलं: पाचशे नऊ गुणिले एकोणसाठ. तीस हजार एकतीस. तिनं पायानं खडकावरच्या रेघा पुसल्या आणि पलीकडं खडी फोडणाऱ्या आईकडं पाहिलं. आक्काबाईचे दंड काटकीसारखे झाले होते. हातोडी उचलताना तिची मान आधी वर जायची, मग हात.

शालूनं कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? माय खडे मांडत होती, तोवर तिच्या अंगात धुगधुगी होती. भिकन येईल तेव्हा येईल. एकदा नवस पुरा झाला की ती पोटभर खाईल, एवढंच शालूनं स्वतःला समजावलं.

वैशाखात नवस पुरा झाला. दोन हजार तीनशे दहा ओळी, दर ओळीत तेरा. एका संध्याकाळी आक्काबाईनं आंघोळ केली, म्हणजे तांब्याभर पाण्यानं तोंड-हात पुसले, भंडारा लावला आणि शेवटचा एक खडा शेंदरी दगडाच्या डोक्यावर ठेवला. कडूबाई आली होती. सत्यभामेनं आदिनाथला पायावर घातलं. सगळ्यांनी पैठणच्या वाटेकडं पाहिलं. तिकडून नुसती धूळ आली.

त्या रात्रीही आक्काबाईनं अर्धीच भाकर घेतली.

"माय, नवस फिटला ना आता?"

"तो आल्याबगर कसा फिटंल? आकडा पुरा झाला, देव वळखून घील. दोन-चार दिस लागतील." मग ती सुनेकडं वळली. "सत्यभामे, मपल्या एकलीचं बळ कमी पडतंय. तू भी अर्धीच खा. नवरा तुपला हाय."

सत्यभामेनं भाकरी मोडली आणि अर्धी टोपलीत ठेवली.

चार दिवस गेले, आठ गेले. आदिनाथ अंगावर लावला की ओढायचा आणि सोडून रडायचा. पुन्हा ओढायचा. मग त्याचं रडणं बारीक झालं. मांजराच्या पिलासारखं. कडूबाईनं येऊन बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि शालूला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, टाळू खाली गेलीय. वयनीचं दूध आटलंय. तुपल्या मायला कोन सांगनार?"

शालूनं टोपलीतली उरलेली भाकरी उचलली आणि वहिनीच्या हातात दिली. "खा."

"ठिव खाली," आक्काबाई म्हणाली.

"माय, लेकराकडं बघ."

"लेकराच्या बापासाठीच चाललंय ना? पायरी मोडू नगंस."

"ती पायरीच न्हाय, माय!" शालू ओरडली. "फुटतो तो आकडा. एकोणसाठानं फुटतो. देवाला जागाच न्हाय त्यात."

आक्काबाई हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली. "एकोणसाठ? एकोणसाठानं कोन मोजतं गं? एकोणसाठ मेंढरं एका येळी वाघुरीतून भाईर पडतात व्हय? शाळंनं डोस्कं फिरवलं तुपलं."

"म्या मांडून दाखवते."

"दाखव." म्हातारी उठून उभी राहिली. "आन् एक जरी उरला, तर पुन्ना शाळंचं नाव काढायचं न्हाय. वयनीबरूबर तू भी अर्धीच खायची."

"आन् नाय उरला तर?"

आक्काबाईनं बाभळीखाली जाऊन देवाच्या डोक्यावरचा खडा मुठीत घेतला.

दुसऱ्या दिवशी बाजारचा वार होता. काम बंद. घरापलीकडं कारखान्यासाठी सपाट केलेली मोकळी जागा पडून होती. खांब रोवलेले, चुन्याच्या रेघा मारलेल्या. शालूनं तिथं पहिली ओळ लावली. पाचशे नऊ खडे, एकापाठोपाठ एक. तिच्या शेजारी दुसरी, खड्याला खडा लावून. अशा एकोणसाठ ओळी भरायला हव्या होत्या. कडूबाई आली, तिच्या मागून खडीवरच्या बाकीच्या बाया आल्या. कुणी पाटीनं खडे वाहिले, कुणी उकिडवं बसून लावले. आधी चेष्टा चालली होती. "शाले, हे काय पापड वाळू घातलेत?" "नवरदेव कुठंशी हाय गं, एवढी पंगत मांडली ती?" कुणीतरी ओवीसुद्धा धरली. ऊन चढलं तशा त्या गप्प झाल्या. सर्जेराव मुकादम सायकल धरून कडेला उभा राहिला आणि टोपी काढून डोकं पुसत राहिला.

आक्काबाई चुन्याच्या रेघेवर बसून होती. तिच्या मुठीत देवाच्या डोक्यावरचा खडा होता.

ऊन कलताना शेवटची ओळ सुरू झाली. पाटीतले खडे कमी होत गेले तशी शालू एकेक खडा सावकाश ठेवू लागली. तिला सारखं वाटत होतं, आपलं चुकलं असावं. कुठंतरी एखादा जास्त निघावा, एखादा कमी पडावा. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपला भागाकार चुकलेला हवा होता. पाटी रिकामी झाली. ओळीच्या टोकाला, शेजारच्या ओळीच्या शेवटच्या खड्यासमोर, एका खड्याची जागा मोकळी होती.

आक्काबाई उठली. ओळींच्या कडेकडेनं चालत आली. वाकून तिनं मुठीतला खडा त्या जागेवर ठेवला. तो बरोबर बसला.

"आक्का, पंगत पुरी भरली," कडूबाई हळूच म्हणाली. "कुणी उभं ऱ्हायलं न्हाय."

"व्हय," आक्काबाई म्हणाली. "देव भी बसला. राखायला कोन ऱ्हायलं?"

त्या रात्री तिनं पुरी भाकरी खाल्ली. सुनेला दीड खायला लावली, मिलोची पातळ पेज करून स्वतःच्या हातानं पाजली. शालूच्या ताटात चटणी वाढताना म्हणाली, "चांगलं शिकलीस. तुपल्या आज्याला दाखवायला पायजे व्हतं." शालूला वाटलं, संपलं. आपण मायला परत आणलं. त्या आनंदात थोडा जिंकल्याचाही आनंद होता, आणि तो तिला झोप येईपर्यंत पुरला.

सकाळी आक्काबाई घरात नव्हती. भिंतीवरचं घोंगडं नव्हतं, काठी नव्हती. खडीवर पोचलेल्या कडूबाईनं सांगितलं, "मला वाटंवर भेटली की. म्हनलं, आक्का, कुठंशी? तर म्हनती, आजवर देवाला कामाला लावलं व्हतं, त्याच्यानं काय व्हत न्हाय. आता मपले पाय हायेत. भिकनला घिऊन येते."

शालू पैठणच्या वाटेनं धावत सुटली. सर्जेरावानं आपली सायकल काढली, तिला मागं बसवलं. वाटेत विचारत गेले. एकानं पाहिलं होतं, दुसऱ्यानं पाणी दिलं होतं, तिसऱ्यानं सांगितलं की म्हातारी प्रत्येक कळपाजवळ थांबायची आणि मेंढक्याला विचारायची, "पाचानं किती उरतात?" मग दोघं वाट चुकले. संध्याकाळी परत फिरावं लागलं.

आक्काबाई पैठणच्याच वाटेवर, बिडकीनच्या अलीकडं सापडली, दुसऱ्या दिवशी. रस्त्याच्या कडेला बाभळीच्या बुंध्याला टेकून बसलेली. ऊन लागून गेली, असं आणणारे म्हणाले. घोंगडं तिनं घडी करून मांडीवर ठेवलं होतं. वाटेनं नुसती हाडं चालून गेली होती, हे उचलणाऱ्यांना कळलं.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी भिकन आला.

आधी घंटी ऐकू आली. मग पैठणच्या वाटेवर धूळ, आणि धुळीतून मेंढरं. थोडीच होती. बरगड्या मोजता येतील अशी. भिकनची दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, पण चालीत ताठा होता. अंगणात येताच तो ओरडला, "माय! तिसऱ्या पायरीवर आनलीत! दोनानं एक, तिनानं एक, पाचानं एक. देव जाग्यावर हाय बघ!"

सत्यभामा आदिनाथला घेऊन दारात आली. तिनं दारातल्या भिंतीवर हात फिरवला, जिथं घोंगडं असायचं तिथं. भिकनला कळलं.

तो मेंढरांमध्येच जमिनीवर बसला. मग शालूनं पाणी आणलं तेव्हा बोलू लागला. चारा कुठंच नव्हता. नगरकडं गेला, पुन्हा गोदावरीकाठी आला. मेंढरं पडत गेली. पाऊसकाळानंतर चवथी पायरी सुटली ती सुटलीच.

"मंग घरी कामून नाय आलास, दादा? सांगावा तरी धाडायचा."

"धाडला व्हता. एका घोंगडीवाल्याजवळ. पोचला नाय?" त्यानं नकाराची मान पाहिली आणि पुढं बोलला, "कसा येऊ, शाले? मधल्या आकड्यावर? मायनंच शिकवलंय. वाटलं, फुटका कळप घरात घालावा आन् आदिनाथला काय व्हावं, मंग? पैठणच्या अलीकडं बसून ऱ्हायलो. इथून दीड दिसाच्या वाटंवर. रोज सकाळी मोजायचो. व्हळीला वाटलं, आली पायरी. दोनानं एक, तिनानं एक. पाचानं तीन उरली."

शालूच्या डोक्यात ते आपोआप झालं. चाळिसाच्या आसपास, दोनानं एक, तिनानं एक, पाचानं तीन. त्रेचाळीस.

"मंग पाडव्याला," भिकन म्हणाला. "दोनानं एक आलं, पाचानं भी एक आलं. तिनानं दोन उरली."

एकेचाळीस.

"आखाजीला तर म्या घोंगडं खांद्यावर टाकलं व्हतं. दोनानं एक, तिनानं एक. जीव कसा नुसता उडत व्हता. मंग पाचानं मोजली, तर दोन उरली. पुन्ना बसलो. परवा सकाळी पाचानं एक आलं, तसाच निघालो."

सदतीस. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आक्काबाई बाभळीखाली शेवटच्या ओळी मांडत होती. तोवर तिच्या दंडात हातोडी उचलण्याइतकं बळ होतं.

सदतीस कशानंही फुटत नाही. एकेचाळीस फुटत नाही, त्रेचाळीस फुटत नाही. चवथ्या पायरीपासून तिसरीपर्यंत उतरताना असे पस्तीस आकडे लागतात ज्यांना भाग जात नाही. पस्तीस वेळा घराचं दार उघडं होतं. वाडवडिलांच्या शिडीला पायऱ्या अगदी थोड्या होत्या, एवढंच. शालूला ते आकडे येत होते. परीक्षेत तिनं ते ओळीनं लिहिले होते. घरात मात्र ती एकाच आकड्याबद्दल बोलली, जो फुटतो त्याच्याबद्दल.

"काय गं?" भिकन म्हणाला. "कशाला बघतीस अशी?"

"काय नाय, दादा. पानी पी."

पुढं पाऊस आला, दुष्काळ हटला, आणि जो तो आपापल्या वाटेला लागला. सर्जेराव मुकादमानं सपाट जागेवरची खडी ट्रकात भरून नेली. ती कारखान्याच्या आतल्या रस्त्याला पडली. त्या रस्त्यावर पुढं डांबर आलं, मग सिमेंट. मुकादम नंतर ठेकेदार झाला आणि बिडकीनकडं प्लॉट पाडू लागला. आक्काबाईला शोधायला सायकल काढल्याचं तो शेवटपर्यंत सांगायचा. पदरातल्या खडीवरून ओरडल्याचं नाही. कडूबाई बरीच जगली. लेकाकडं वाळूजला राहायची, आणि नातवंडांच्या पंगतीत सगळे बसले की एक पाट रिकामा ठेवायला लावायची.

नानासाहेब सरांना शालूनं शेवटपर्यंत एवढंच सांगितलं की संख्या संयुक्त निघाली. सर हळहळले, की आपण घाईनं 'असणार' म्हणालो. ते निवृत्त होऊन वैजापूरला गेले आणि तिथंच वारले.

भिकननं ती मेंढरं दोन वर्षं राखली. मग माळ संपला. जिथं वाघूर लागायची तिथं गोदाम आलं आणि त्याच गोदामाच्या फाटकावर तो पहारेकरी म्हणून बसला. आत जाणारे ट्रक तो मोजत नसे. दोन हजार सोळाच्या दुष्काळात, टँकरच्या रांगा लागल्या त्या उन्हाळ्यात, तो गेला. मायला आपण तिसऱ्या पायरीवर कळप आणून दाखवू शकलो नाही, याचंच त्याला शेवटपर्यंत वाईट वाटत होतं. त्याच्या आधीही येता आलं असतं, हे त्याला कुणी कधी सांगितलं नाही. सत्यभामा आदिनाथकडं असते. आदिनाथ चिकलठाण्यातच यंत्रांवर कामाला होता, आता त्याचाही मुलगा नोकरीला लागला. बाळपणीच्या उपासानं म्हणा किंवा कशानं, त्याची उंची घरातल्या कुणाएवढी झाली नाही.

शालू गणिताची शिक्षिका झाली. शहराच्या कडेच्या शाळांमध्ये तिनं जन्मभर शिकवलं, शहर वाढलं तशी कडही पुढं सरकत गेली. मूळ संख्या शिकवताना ती मुलांना तेराच्या बरंच पुढं न्यायची. कवायतीला वर्ग मैदानात आणला की बाकीचे शिक्षक मुलांच्या सारख्या रांगा लावत. पण एखाद्या दिवशी हजेरी सदतीस भरली, तर शालूबाई रांगा लावत नसत. मुलांना गोल बसवत.